सिकल्सचा पाय

शनिवार, रात्रीचे साडेअकरा

आज लेकाला घेऊन सिल्व्हर स्प्रिंगच्या वैद्यकीय संग्रहालयात गेलो. बाहेर पाऊस, संग्रहालय फुकट, आणि घरात टीव्हीवरून भांडण, एवढंच कारण. तिथे काचेआड एका पायाची हाडं आहेत. नडगी मधेच फुटलेली, आणि शेजारी ज्याने ती फोडली त्याच जातीचा बारा पौंडी तोफगोळा. पोरगं तिथून हलेचना.

पाय डॅनियल सिकल्सचा. न्यूयॉर्कचा वकील, मग अमेरिकी काँग्रेसचा सदस्य, मग यादवी युद्धात जनरल. २ जुलै १८६३ला गेटिसबर्गच्या लढाईत या गृहस्थाने आपला सेनापती जनरल मीड याला न विचारता आपली अख्खी फौज अर्ध्या मैलाहून जास्त पुढे, पीचच्या बागेपाशी नेली. तिथे उंचवटा आहे, तोफांना बरा, हे त्याचं म्हणणं. फौज चिरडली गेली आणि संध्याकाळी याचा उजवा पाय. पुढची पन्नास वर्षं तो 'माझंच बरोबर होतं' हे सांगत बसला. तुटलेली हाडं त्याने शवपेटीसारख्या छोट्या खोक्यातून सैन्याच्या संग्रहालयाला पाठवली, वर आपल्या नावाचं 'सप्रेम' छापाचं कार्ड. दरवर्षी त्या तारखेला पाय बघायला जायचा म्हणे.

आईला फोनवर हे सांगितलं. दादरला सकाळ होती, कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. तिला लढाईत काडीचा रस नाही. म्हणाली, "बायको होती का रे त्याला?"

होती. तेरेसा. लग्नात ती जेमतेम सोळाची, तो तिशी ओलांडलेला. साहेबांची बाहेरची प्रकरणं न्यूयॉर्कभर ठाऊक. वॉशिंग्टनला तेरेसाचं फिलिप बार्टन 'की' (हे आडनाव) या सरकारी वकिलाशी जुळलं. एका निनावी पत्राने ते नवऱ्याला कळलं. त्याने रात्री तिच्याकडून कबुलीजबाब लिहून घेतला, तोही बारीकसारीक तपशिलांसह, घरातल्या दोघींच्या साक्षीने. दुसऱ्या दिवशी, २७ फेब्रुवारी १८५९ला, की घरासमोर रुमाल हलवून खुणा करताना दिसला. सिकल्सने व्हाइट हाउससमोरच्या चौकात भरदिवसा त्याला गोळ्या घातल्या. कीच्या हाताशी फक्त नाटकाला नेतात तसली छोटी दुर्बीण होती. तीच त्याने फेकून मारली.

खटल्यात बचावाच्या वकिलांत एडविन स्टँटन होता, पुढे लिंकनचा युद्धमंत्री झालेला. त्या क्षणापुरता आरोपी वेडा झाला होता, हा बचाव अमेरिकेत तिथेच पहिल्यांदा यशस्वी झाला. कोर्टाने कबुलीजबाब पुरावा म्हणून घेतला नाही, पण तो छापून मात्र आला. म्हणजे तेरेसाची अब्रू चव्हाट्यावर, आणि हा २६ एप्रिलला निर्दोष.

"म्हणजे नानावटीच की!" आई म्हणाली. मी तारीख बघितली. नौदल अधिकारी नानावटीने बायकोच्या प्रियकराला गोळ्या घातल्या, मुंबईतला तो गोळीबार २७ एप्रिल १९५९चा. शंभर वर्षं आणि एक दिवस! उगीच अंगावर काटा आला.

मला खरं खटकलं ते पुढचं. सुटल्यावर सिकल्सने तेरेसाला परत घरात घेतलं, तेव्हा लोक भडकले. काँग्रेसमध्ये त्याच्याशेजारी कुणी बसेना. खून खपला, बायकोला माफ केलेलं खपलं नाही! अर्थात त्या माफीत कितीशी माया होती कोण जाणे. बहुतेक काळ दोघं वेगळीच राहिली. १८६७ साली ती क्षयाने गेली, वय ३१. तो १९१४पर्यंत जगला, ९४ वर्षांचा होऊन. मधल्या काळात स्पेनमध्ये राजदूत, दुसरं लग्न, शौर्यपदक, आणि स्मारकांच्या निधीतली मोठी रक्कम गायब झाल्यावर स्मारक मंडळाच्या अध्यक्षपदावरून हकालपट्टीसुद्धा.

"पायाला भेटायला दरवर्षी जायचा," आई म्हणाली, "आणि तिला?" तेवढ्यात तिचा कुकर झाला, आणि फोन राहिला.

झोपताना लेकाने विचारलं, "बाबा, उरलेला माणूस कुठाय?" आर्लिंग्टनच्या दफनभूमीत, म्हटलं. पुढच्या शनिवारी जाऊया म्हणतोय. बघू, पाऊस नसला तर.