तुम्ही विचारलंत म्हणून : आमच्या आज्यांना कुठे मिळत होती ही गोळी?

गरोदर सुनेबरोबर आलेल्या सासूबाई फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्यांची पट्टी उलटसुलट करून पाहतात आणि विचारतात, "ही हवीच का? आमच्या आज्यांना कुठे मिळत होती?" आहारतज्ज्ञ म्हणून हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे, की उत्तर आता लिहूनच ठेवावे असे वाटले. शिवाय त्या पिढीतल्या काही स्त्रियांचे रक्त खरोखरच तपासले गेले होते, आणि तेही आपल्या मुंबईत.

१९२८ साली ल्यूसी विल्स या ब्रिटिश डॉक्टर गरोदरपणातल्या एका जीवघेण्या रक्तक्षयाचा शोध घेण्यासाठी मुंबईत आल्या आणि परळच्या हाफकिन संस्थेत काम करू लागल्या. या रोगात तांबड्या पेशींची संख्या घटते, पण उरलेल्या पेशी नेहमीपेक्षा मोठ्या दिसतात, त्यामुळे हा लोह कमी पडल्याने होणारा नेहमीचा रक्तक्षय नव्हे, हे सूक्ष्मदर्शकाखालीच कळत असे. विल्स यांनी जंतूंचा माग काढलाच, पण रुग्ण स्त्रिया रोज काय खातात याचीही बारकाईने चौकशी केली. ज्यांच्या ताटात प्रथिने, फळे आणि भाज्या सर्वांत कमी होत्या, त्या गरीब स्त्रियांमध्येच हा रोग अधिक आढळला. तसाच आहार उंदरांना देऊन पाहिला, तर त्यांच्या अंगावरील उवांमुळे पसरणाऱ्या संसर्गाने निष्कर्षांत घोळ घातला. पुढे माकडांवर प्रयोग झाले. (आहारशास्त्रातल्या संशोधनाला उवांनी दिलेला हा चकवा मला फार आवडतो.)

उपाय सापडला तो मार्माइटमध्ये, म्हणजे बिअर बनवताना उरणाऱ्या यीस्टच्या काळपट, चिकट, खारट अर्कामध्ये. तो चमच्याने दिल्यावर काही दिवसांतच रक्तात कोवळ्या तांबड्या पेशींची गर्दी दिसू लागे. हे निष्कर्ष १९३१ साली प्रसिद्ध झाले. तोवर अशा रक्तक्षयावर यकृत खाऊ घालण्याचा उपचार प्रचलित होता, परंतु यकृताचा शुद्ध केलेला अर्क या स्त्रियांना लागू पडत नसे आणि कच्चा अर्क मात्र पडत असे. अर्थात शुद्धीकरणात काहीतरी हरवत होते. ते 'काहीतरी' १९४१ साली अमेरिकेत काही टन पालकातून वेगळे काढले गेले आणि पानाला लॅटिनमध्ये 'फोलियम' म्हणतात म्हणून त्याला फॉलिक अ‍ॅसिड हे नाव मिळाले. १९४५ साली ते प्रयोगशाळेत तयार करणाऱ्या अमेरिकेतील चमूचे नेतृत्व यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे होते.

यावर सासूबाईंचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो : "मग पालकच खाऊ घालते की!" अवश्य घाला, डाळी आणि कडधान्येही द्या, पण हे जीवनसत्त्व पाण्यात विरघळते आणि उष्णतेने नासते, त्यामुळे पालक उकडून त्याचे हिरवे पाणी मोरीत ओतले, तर बराचसा ऐवज त्याच्याबरोबर जातो. शिवाय आज गोळी देण्याचे मुख्य कारण रक्तक्षय हे नाही. बाळाच्या मेंदूची आणि मज्जारज्जूची नळी गर्भधारणेपासून सुमारे चार आठवड्यांतच बंद होते, आणि ती नीट बंद होण्यासाठी फॉलिक अ‍ॅसिडची मोठी मदत होते, हे १९९१ साली एका मोठ्या चाचणीत सिद्ध झाले. म्हणून रोज सुमारे ४०० मायक्रोग्रॅमची मात्रा पाळी चुकल्यावर नव्हे, तर मूल हवे असे ठरल्यापासूनच सुरू करायची असते. समोर बसलेल्या सुनेचा तिसरा महिना सरत आलेला असतो, तेव्हा हे शेवटचे वाक्य उच्चारताना मी दरवेळी थोडी अडखळते.