उरलेल्या बर्फावर

मे अखेर, शनिवार. रात्र.

न्यू हॅम्पशरमधल्या माउंट वॉशिंग्टनच्या पूर्वेकडच्या खोलगट दरीत, टकरमन रॅव्हिनमध्ये, आता बर्फाचे नुसते तुकडे उरलेत. मधल्या उभ्या कड्यावरून, म्हणजे हेडवॉलवरून, धबधबा धो धो वाहतोय, उजवीकडच्या नाळा उघड्या पडल्यात. डावीकडे 'लेफ्ट गली' नावाच्या नाळेत मात्र एक मळकी पांढरी पट्टी वरपासून खालपर्यंत सलग आहे. सलग म्हणायचं एवढंच, मध्ये एका ठिकाणी ती जेमतेम स्की आडवी मावेल इतकी चिंचोळी झालीय. त्या पट्टीसाठी मी आणि माझी मैत्रीण भल्या पहाटे बॉस्टनहून निघालो.

वाटेत आईचा फोन आला. तिकडे दुपारची जेवणं आटोपत होती.
"मे महिन्यात कसलं गं स्कीइंग? लिफ्ट तरी चालू आहे का?"
"इथे लिफ्ट कधीच नव्हती आई. चालत जायचं."
"म्हणजे स्की पाठीवर घेऊन डोंगर चढायचा? धन्य आहे बाई."

धन्य आहेच. पायथ्याच्या पिंकहॅम नॉचपासून हर्मिट लेकपर्यंत जवळपास चार किलोमीटर वाट नुसती दगडगोट्यांची, आणि पुढे कड्यापर्यंतचा चढ वेगळाच. पाठीवर स्की, बूट, हेल्मेट, क्रॅम्पॉन (बुटाखाली बांधायचे लोखंडी दात), आइस अ‍ॅक्स (बर्फातली कुऱ्हाड). स्कीची टोकं डोक्याच्या वर येतात, म्हणून प्रत्येक आडव्या फांदीखालून गुडघ्यात वाकून जायचं. त्यात न्यू हॅम्पशरच्या काळ्या माश्यांचा हा ऐन हंगाम. कानामागे चावतात आणि हात लावेपर्यंत रक्त काढून पसार होतात.

खरं तर या कड्याखालचा बराचसा बर्फ इथे पडलेलाच नसतो. माउंट वॉशिंग्टनची उंची १,९१७ मीटर. हिमालयाशी ओळख असलेल्या माणसाला ती किरकोळ वाटेल, पण इथला वारा किरकोळ नाही. १२ एप्रिल १९३४ रोजी शिखरावरच्या वेधशाळेने ताशी ३७२ किलोमीटरचा वारा मोजला होता. हिवाळाभर पश्चिमेचा वारा उघड्या माथ्यावरचा बर्फ झाडून काढतो आणि पूर्वेकडच्या या खोलगट कड्याखाली आणून टाकतो. त्यामुळे माथ्यावर केव्हाच काळा दगड दिसतो आणि खाली जूनमध्येही बर्फ सापडतो. त्यातही लेफ्ट गली ईशान्येला तोंड करून असल्यामुळे तिला सकाळचं ऊन मिळतं आणि दुपारी सावली येते. शेवटपर्यंत टिकते ती यामुळेच.

वर पोचलो तेव्हा पृष्ठभाग दगडासारखा टणक होता. रात्री गोठलेला. क्रॅम्पॉनचे दातसुद्धा कुरकुरत शिरत होते. अशा वेळी उतरायला लागणं म्हणजे वेडेपणा, घसरलात तर थेट खालच्या दगडांवर. म्हणून बसून राहिलो. तिने थर्मासमधला चहा काढला, मी पोळीचा रोल. दर पंधरा मिनिटांनी उठून टाचेने दाबून बघायचं. आधी टाच नुसतीच सरकत होती, मग वरची काच तडकली, आणि मग एकदाची ती बोटभर आत गेली. मूठभर उचलून पाहिलं तर नीट भिजलेल्या साबुदाण्यासारखे मोकळे, ओले दाणे. रात्री गोठायचं, दिवसा वितळायचं, असं आठवडेच्या आठवडे चालल्यावरच बर्फाचे असे दाणे होतात. हा कॉर्न स्नो मिळाला की उभ्या उतारावरही स्कीची कड अशी धरते की भीती निम्मी होते. तासाभरात मात्र त्याचा चिखल होतो.

वळणं घ्यायला तसा वाव नव्हता. वरच्या रुंद भागात मोकळेपणाने घेतली. प्रत्येक वळणाला सुटलेले दाणे खळखळत बाजूने खाली पळत होते, म्हणून मधूनमधून कडेला थांबून त्यांना पुढे जाऊ द्यायचं. बर्फावर स्प्रूसच्या काड्या, वाळू, सुपारीएवढे खडे. काठाला बर्फ खडकापासून सुटलेला, आणि त्या फटीतून आत वाहणारं पाणी ऐकू येत होतं. बर्फ तिथे पोखरलेला असतो, वर दिसतो त्याहून पातळ. चिंचोळ्या जागी स्की आडवी करून बाजूने घसरत उतरले. अजिबात शोभिवंत नव्हतं. पण त्या दहा-बारा हातांत जेवढं लक्ष लागलं, तेवढं अख्ख्या हिवाळ्यात रिसॉर्टच्या यंत्राने सारवलेल्या उतारावर लागत नाही.

इथे सगळे टोनी मॅटची गोष्ट सांगतात. १९३९च्या 'अमेरिकन इन्फर्नो' शर्यतीत हा एकोणीस वर्षांचा ऑस्ट्रियन मुलगा हेडवॉलवरून वळण न घेता सरळ खाली आला आणि शिखरापासून पायथ्यापर्यंतचं अंतर त्याने साडेसहा मिनिटांत कापलं. पराक्रम खराच. पण तेव्हा एप्रिल होता, दगड-पाणी सगळं बर्फाखाली झाकलेलं. मला हा शेवटचा, गैरसोयीचा बर्फ जास्त आवडतो. हिवाळ्यात डोंगर सगळीकडे सारखाच दिसतो. आता कुठे पाणी, कुठे पोकळी, कुठे ऊन किती वाजता येतं हे कळल्याशिवाय तो एक पाऊल टाकू देत नाही. काही तास चढून काही मिनिटं उतरायचं, हा हिशोब आईला पटणार नाही. माझ्या नवऱ्यालाही पटत नाही.

परत येताना खाली उतरायच्या स्की-वाटेवर, शेरबर्न ट्रेलवर, बर्फ नव्हताच. पुन्हा सगळं पाठीवर, आणि उतरताना गुडघ्यांची वाट लागली.

मैत्रीण म्हणते, पुढच्या शनिवारी परत जाऊ. मी म्हटलं, तोवर ती चिंचोळी जागा तुटलेली असेल. तर म्हणाली, "तुटली तर तुटली. स्की काढायची, चार पावलं चालायचं, परत घालायची."

उजव्या स्कीच्या तळाला खड्याने चांगला वीतभर ओरखडा काढलाय. तो उद्या भरून घेते. उन्हाळ्यासाठीचं जाड मेण मात्र अजून चढवत नाही.