मिक्सरचं भांडं

"बाई, पोलीस पाटील तुमीच का? हिरीत माणूस हाय."

सकाळचे साडेसात झाले असतील. दारात बीडकडची एक ऊसतोडणी बाई उभी. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, साडीवरून पुरुषाचा शर्ट, हातात कोयता तसाच. धावत आल्यामुळे धाप लागलेली. घरावरची पाटी कुणीतरी तिला वाचून दाखवली होती. मुकादम म्हणाला होता, गप राहा, पोलिसांचं झंगट नको, आपण फड उरकू आणि जाऊ. ती मात्र आली. "वास येतोय. कुनाचं तरी लेकरू आसंल," म्हणाली.

खरं सांगते, माझ्या मनात पहिल्यांदा हेच आलं, की हा आपल्या गावचा हरवलेला पोरगा नसणार. कारण आपला पोरगा पुण्यात होता. सहा दिवस झाले, गावाने त्याला पुण्यात नेऊन ठेवला होता.

आमचं गाव सांगली जिल्ह्यातलं, कृष्णाकाठचं. चारी बाजूंना ऊस. मी पोलीस पाटील झाले ती परीक्षा देऊन, 80 मार्कांची लेखी आणि 20 ची तोंडी. सासऱ्यांच्या पिढीत पाटीलकी घराण्यात चालत यायची, 1967 च्या ग्राम पोलीस कायद्यानंतर ती नेमणुकीवर आली. आता महिन्याला 15,000 मानधन मिळतं आणि गावात काही विपरीत घडलं की पहिला फोन मला येतो. पुरुषमंडळी 'पाटील ताई' म्हणतात, बायका चुलीपाशी बसवून घेतात. त्यामुळे पारावरचं आणि माजघरातलं असं दोन्हीकडचं माझ्या कानावर येतं. या प्रकरणात तेच नडलं.

पोरगा बावीसचा. डिप्लोमा करून एमआयडीसीत लागलेला, दोन दिवसांच्या सुट्टीवर आला होता. गुरुवारी संध्याकाळी सात वाजता मोटरसायकल घेऊन तालुक्याच्या गावी गेला, परत आलाच नाही. रात्री दहापासून फोन बंद. चोवीस तास थांबल्याशिवाय तक्रार घेत नाहीत असं कुणीतरी सांगितलं, म्हणून बाप थांबला. असा काही नियम नाही. हे मला माहीत होतं, पण मला विचारायला ते आले शुक्रवारी संध्याकाळी. मी सोबत गेले, मिसिंग दाखल झाली. अठराच्या आतलं मूल असतं तर अपहरणाचा गुन्हा नोंदवला असता. बावीस वर्षांच्या पोराची नुसती मिसिंग होते, बिनतारी संदेश जातो, फोटो जातो. बीट हवालदार म्हणाले, "येतंय हो. ही पोरं आठ दिवसांत पैसं संपलं की येत्यात." त्यांचा अनुभव खोटा नव्हता. बहुतेक येतातच.

त्याची आई तेवढी एकच गोष्ट घोकत होती. "भांडं आणायला गेलाय वो. मिक्सरच्या भांड्याची पाती घासली होती, दुरुस्तीला टाकलं होतं. ते आणायला गेलाय."

हे तिने ठाण्यात सांगितलं, भावकीत सांगितलं, मला तर चार वेळा सांगितलं. हवालदारांनी अर्जात लिहिलंसुद्धा, 'मिक्सरचे भांडे आणतो असे सांगून गेला.' आणि सगळ्यांनी ते घरातून निघायचं निमित्त म्हणून वाचलं. मीही. दुकानदाराला जाऊन विचारावं, भांडं नेलं का आणि किती वाजता नेलं, हे कुणाला सुचलं नाही. पळून जाणारा पोरगा मिक्सरचं भांडं घेऊन कशाला जाईल?

फोनचं शेवटचं लोकेशन आमच्याच गावच्या टॉवरचं निघालं. एका टॉवरखाली आमच्याकडे तीन-चार गावं येतात, त्यामुळे त्यावरून नेमकी जागा कळत नाही. गावाने अर्थ लावला, इथंच फोन बंद केला आणि गेला. मग तो दिसायला लागला. एकाला स्वारगेटला दिसला, दाढी वाढलेली. एकाला पंढरपुरात. एकाला कोल्हापूरच्या स्टँडवर, 'संगं पोरगी होती'. आईला एका बघणाऱ्याकडे नेलं. त्याने सांगितलं, पूर्वेला आहे, पाण्याजवळ आहे, जिवंत आहे. आमच्या पूर्वेला नदी आहे, कॅनॉल आहे आणि शंभरेक विहिरी. नंतर हाच माणूस 'बरोबर सांगत होता' ठरला, तिसरा शब्द सगळे सोयीने विसरले.

'संगं पोरगी होती' म्हटल्यावर गावाला पोरगीही लागली. मग ती सापडली. वरच्या आळीतली, कॉलेजला जाणारी, एकोणीस वर्षांची. एकाच एसटीने दोघं जायची, एवढा पुरावा. ती घरातच होती, कुठं गेलीही नव्हती. तरी तिला सगळं ठाऊक आहे, तीच सांगत नाही, असं ठरलं. शनिवारी हवालदारांनी माझा जबाब घेतला. गावात काय चर्चा आहे, असं विचारलं. मी सांगितलं. मुलीचं नावही सांगितलं, 'चर्चा आहे' असं म्हणून. खाली नेहमीची ओळ: माझा वरील जबाब मी वाचून पाहिला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर व खरा आहे. दुसऱ्या दिवशी पोलीस तिच्या दारात गेले, फोन तपासला. त्यात काही नव्हतं. पण दारात गाडी उभी राहिली होती ना! तिचं कॉलेज बंद झालं.

तर ती गुरुवारची सकाळ.

विहीर गावापासून पाऊण किलोमीटरवर, वळणाला लागून. डांबरापासून सात-आठ फुटांवर काठ, कठडा नाही. लिफ्ट इरिगेशनचं पाणी आल्यापासून ती वापरात नव्हती. काठावर घाणेरी माजलेली, दोन्ही बाजूंना डोक्याच्यावर ऊस. हंगामात दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर रात्रभर त्या रस्त्याने धावतात, समोरच्याच्या डोळ्यांवर सरळ उजेड मारत. साइडपट्टी त्यांनीच रगडून टाकलेली, त्यामुळे कुणाच्या चाकाची खूण राहायचा प्रश्नच नव्हता. बुधवारी टोळीने तो प्लॉट तोडायला घेतला आणि गुरुवारी पहाटे विहीर उघडी पडली. ती बाई धुण्याला पाणी मिळतंय का बघायला गेली होती.

मी वाकून बघितलं. पाठ वर होती. निळा चौकड्यांचा शर्ट. मिसिंगच्या फोटोखाली तोच रंग मी स्वतः टाइप केला होता.

सहा दिवस त्याचा बाप याच रस्त्याने रोज दोनदा तालुक्याला जाऊन येत होता.

फोन केल्यापासून पोलीस यायला चाळीस मिनिटं लागली, गाव यायला दहा. आधी पोरं, मग माणसं, मग शेजारच्या गावची माणसं. एकजण मोबाइल धरून काठावर आडवा झाला, त्याला मी हाताला धरून ओढला. पहिली दहा-पंधरा मिनिटं कुणी बोललं नाही. मला वाटलं, आता निदान गप्प बसतील. मग कुणीतरी म्हणालं, "मारून टाकलंय." एवढं पुरे झालं. संशय आधी टोळीवर गेला. बीडची माणसं, विहिरीशेजारी यांचाच फड, बातमी यांनाच कशी लागली! टोळी गावात बुधवारी आली, पोरगा त्याच्या सहा दिवस आधीचा गेलेला, हे कुणी बोटावर मोजायला तयार नव्हतं. मुकादमाची कॉलर धरली गेली. ती बाई एका मोळीवर बसून होती. "म्हनून म्हनला होता गप ऱ्हा," एवढंच तिचा नवरा तिला म्हणाला. मी त्या दोघांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले, दुसरं काही सुचलं नाही.

मग संशय वरच्या आळीकडे वळला. "तिच्या भावांना आणा. साहेब आल्याशिवाय बॉडी हलवायची नाही." हे बोलणारे गेले पाच दिवस तोच पोरगा पोरगी घेऊन पळालाय म्हणून हसत होते. आवाजही तेच होते. फक्त आता त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि तेही खोटं नव्हतं. हे मला त्या दिवशी फार अवघड गेलं. लबाड माणसं असती तर बरं झालं असतं.

साहेब आले. कायदा बदललाय, अकस्मात मृत्यूच्या, पोलिसांच्या भाषेत एडीच्या, चौकशीला 1 जुलै 2024 पासून कलम 194 आहे, पण सगळे अजून 'एकशे चौऱ्याहत्तर'च म्हणतात. पंच बोलावले. काढायला गावातलीच पट्टीची पोहणारी तीन पोरं उतरली. बाजेला चारी कोपऱ्यांना सोल बांधून ती खाली सोडली, तिच्यावर त्याला घेतला आणि आठ जणांनी हळूहळू वर ओढला. ओढताना कुणी शिवी दिली नाही, कुणी घाई केली नाही. बाज काठाला टेकली तेव्हा एका म्हाताऱ्याने आपलं धोतराचं पान फाडून तोंडावर टाकलं. जमाव तसाच मागे सरकला.

मोटरसायकल खाली आहे, असं पोहणाऱ्यांनी सांगितलं. विहिरी खोदायची यारी शेजारच्या शिवारात होती, ती आणली. दुपारी दीडच्या सुमाराला गाडी वर आली, पाणी गाळत, फिरत. चावी चालू अवस्थेत. गाडी गिअरमध्ये. आणि पुढच्या हुकाला एक नायलॉनची पिशवी, तिला दोन गाठी मारलेल्या.

हवालदारांनी गाठी सोडल्या. आत मिक्सरचं भांडं. दुकानाची चिठ्ठी भिजून लगदा झालेली.

पंचनाम्यात हवालदार एकेक ओळ मोठ्याने म्हणत लिहीत होते. 'एक स्टीलचे मिक्सरचे भांडे, काळ्या मुठीचे, झाकणासह, जुने वापरते.' घातपात म्हणून ओरडणारे त्या वेळी कुठं बघत होते, मी बघितलं. कुणी उसाकडे, कुणी चपलेकडे. पारावर माझ्यासमोर 'काय पण निमित्त काढलंय बेट्यानं' म्हणणारा एकजण तर सरळ मोटरसायकल काढून निघून गेला.

शवविच्छेदन ग्रामीण रुग्णालयात झालं. बुडून मृत्यू, व्हिसेरा राखीव. आठवड्याचं शरीर घरी आणायचं नाही असं भावकीने ठरवलं, थेट नदीकाठी न्यायचं. आईला दाखवायचं की नाही यावर माजघरात बायकांचा वाद झाला. मी 'पाय दाखवा' म्हटलं, तेही ठरलं नाही. संध्याकाळी घरात गेले तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती. गावात चूल पेटली नव्हती, भावकीतून कडू घासाची पिठलं-भाकरी येऊन पडली होती, तिने हात लावला नव्हता. मला बघून म्हणाली, "ताई, भांडं मिळालं का?"

बायकांनी तोंडाला पदर लावला. डोक्यावर परिणाम झाला म्हणून कुजबुजल्या. तसं काही नव्हतं. गेले सात दिवस त्या घरात शुद्धीवर असलेली तीच एकटी होती.

"मिळालं वैनी," मी म्हटलं. "पिशवीत होतं. गाठ मारलेली."

ती मान हलवत राहिली.

गावाच्या ग्रुपवर दुपारपर्यंत त्याच फोटोचं रूप बदललं होतं. 'हरवले आहेत' च्या जागी 'भावपूर्ण श्रद्धांजली', कोपऱ्यात समई. रात्री ॲडमिनने ग्रुपला कुलूप लावलं, फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतील. आधीच्या सहा दिवसांचं त्यात सगळं तसंच होतं. जुना 'हरवले आहेत' मेसेज मात्र फिरतच राहिला. चार महिन्यांनी नगरकडून एकाचा मला फोन आला, असा पोरगा आमच्या स्टँडवर बसलाय म्हणून.

सावडण्याच्या दिवशी त्या मुलीचे वडील आले. उंबऱ्यातच उभे राहिले, आत या म्हटलं तरी आले नाहीत.

"पाटील ताई, पंचनामा झाला म्हणं."

"झाला."

"त्यात लिहिलंय का, आमच्या पोरीचा काय संबंध नव्हता म्हणून?"

पंचनाम्यात विहिरीची खोली लिहितात, पाण्याची पातळी, अंगावरचे कपडे, चतुःसीमा. असा रकाना नसतो. मी त्यांना तसं सांगितलं. "मग कुठं लिहितात?" त्यांनी विचारलं. नाव कुणी सांगितलं होतं हे त्यांना माहीत आहे की नाही, मला आजही कळलेलं नाही. त्या वेळी मी सांगितलं नाही. मला भीती वाटली.

पुढच्या आठवड्यात ठाण्यात गेले. हवालदारांना म्हटलं, माझा पुरवणी जबाब घ्या. ते म्हणाले, "ताई, एडीचे कागद पुरं होत आलं. आता कशाला?" मी उठले नाही, तेव्हा त्यांनी कीबोर्ड पुढे ओढला. चार ओळी झाल्या. सदर मुलीबाबत मी सांगितलेली माहिती ही ऐकीव होती, त्याबाबत मला प्रत्यक्ष काहीही माहीत नाही. खाली तीच ओळ, बरोबर व खरा आहे.

"पहिला काढून टाकता येतो का?"

"तो कसा काढणार? त्याच्यामागं हा लागंल." त्यांनी फाइलला सुईने दोरा घातला.

नंतर मी त्या घरी गेले आणि वडिलांना दोन्ही गोष्टी सांगितल्या, पहिला जबाब कुणाचा तेही. त्यांनी ऐकून घेतलं. मुलगी आतल्या खोलीतून ऐकत होती, तिच्या बांगड्या वाजल्या. चहा विचारला नाही कुणी. जूनमध्ये तिने कऱ्हाडच्या कॉलेजात नाव घातलं. तिकडे जाणारी एसटी दुसरी आहे.

भांडं मुद्देमालातून सुटायला महिना गेला. बापाला ठाण्यात जायचं धाडस होईना, त्याच्यासोबत मी गेले. घरी आणलं तेव्हा त्याची आई शेंगा फोडत बसली होती. तिने ते मांडीवर घेतलं, झाकण काढलं, पदराने आतून पुसलं आणि पात्यावरून बोट फिरवलं.

"धार बरी लावलीय," म्हणाली.

मग आत जाऊन ते मिक्सरशेजारी ठेवून आली आणि पुन्हा शेंगा फोडायला लागली. मीही मूठभर घेतल्या.