बुक्कीचे पट्टे गेले, मागाच्या कृपेने

पट्टे गेले, मंडळी! निदान शेजारचा कापड विणायचा माग चालू असेपर्यंत तरी गेले.

मागच्या वेळी टाकलेल्या फोटोंत आमच्या काळ्या मांजरीच्या, बुक्कीच्या, अंगावरून आडवे, फिकट-गडद पट्टे गेले होते. कुणी म्हणालं सेन्सर गेला, कुणी म्हणालं लेन्स परत कर. लेन्सला नावं ठेवू नका. सेकंडहँड घेतलेली ती ५० एमएम, एफ १.८ माझ्या पिशवीतली सगळ्यात गुणी वस्तू आहे. खोडी आहे ती सोप्यातल्या एलईडी ट्यूबची. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्तातली ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होते. डोळ्याला कळत नाही. पण सायलेंट, म्हणजे बिनआवाजाच्या इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये सेन्सर ओळीओळीने वाचला जातो. काही ओळींच्या वाट्याला तेज उजेड येतो, काहींच्या मंद. भिंतीवर तर ते दिसतंच, आणि फोटोतला काळोखा भाग जरा उजळला की काळ्या मांजरावरही उमटतं.

शटरचा वेग १/१०० सेकंद ठेवला की पट्टे जवळजवळ जातात, कारण प्रत्येक ओळीला उजेडाचा एक अख्खा फेरा मिळतो. झोपलेल्या मांजराला तेवढं पुरतं. पण बुक्की शेपूट आपटायला लागली की १/१०० ला शेपूट नुसती पुसट. माझ्या कॅमेऱ्यात मेकॅनिकल शटर आणि अँटी-फ्लिकर (दिव्याची लपलप, म्हणजे फ्लिकर, ओळखून तेज क्षणीच फोटो घेणारी सोय) लावलं तर १/२५० सुद्धा स्वच्छ येतो. पण मग तो खटका! पहिल्या खटक्याला कान मागे, दुसऱ्याला बाईसाहेब कोठीत.

हा तिढा सोडवला शेजारच्या मामांच्या मागाने. आमचं घर बेळगावच्या वडगावात, भिंतीला भिंत लागून पॉवरलूम. बुक्की जन्मलीच त्यांच्या सुताच्या पोत्यांमागे. त्या खडखडाटात ती गाढ झोपते, आणि करंट जाऊन माग थांबला की दचकून उठते. मग डोक्यात आलं, एवढ्या आवाजात माझ्या शटरचा खटका ऐकतंय कोण? दुपारी माग सुरू झाल्यावर तिच्यापासून हातभर अंतरावर बसून दणादण फोटो काढले. कान हलला नाही बघा! जांभई, अंग चाटणं, शेपूट, सगळं १/२५० ला. त्यातला एक तर मी मोठा करून छापणार आहे: पंजाची बोटं फाकलेली, मधल्या फटीत जीभ, आणि जिभेवरचे काटे एकेक करून दिसतायत.

काळ्या मांजराला एक्स्पोजर, म्हणजे फोटोत उजेड किती घ्यायचा, असं कुणी विचारलं होतं. काळं मांजर दिसलं की कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर त्याला राखाडी करायला धावतो, म्हणून जाणते लोक एक्स्पोजर वजा एक, म्हणजे निम्मा उजेड, लावायला सांगतात. कॅमेऱ्यातून तयार फोटो घेणाऱ्या जेपेगवाल्यांनी जरूर लावावं. मी रॉ (सेन्सरची कच्ची फाइल) काढते, मीटर म्हणतो तेवढा उजेड घेते आणि नंतर खाली ओढते. ६४०० आयएसओला (कमी उजेडासाठी वाढवलेल्या संवेदनशीलतेला) अंधारं काढून मग उजळलं तर केसांच्या जागी रंगीत दाणे मिळतात. फ्लॅशचं नाव काढू नका. मांजराच्या डोळ्यातला मागचा थर उजेड परतवतो आणि आमची गरीब भाटी हडळीसारखी दिसते.

छपरातल्या काचेच्या कौलाखाली उन्हात फोटो काढायचा प्रयोग मात्र पावसाने खाल्ला. उन्हाळ्यात त्या कवडशात तिरप्या उन्हाने तिच्या काळ्या केसांतले लपलेले टॅबी (पट्टेरी मांजरासारखे) पट्टे दिसले होते. (ते पट्टे हवेत, ट्यूबचे नकोत.) आता ऊन नाहीच, वर कौलाला शेवाळ धरलंय, त्यामुळे खाली येतो तो उजेडही हिरवट. ग्रे कार्डवर (राखाडी पुठ्ठ्यावर) व्हाइट बॅलन्स बसवून रंग सुधारता येतो, पण कार्ड ठेवलं की बुक्की नेमकी कार्डावर बसते. कौल पुसायला भिजल्या छपरावर कोण चढणार? ते काम गणपतीनंतर.

तोवर फ्लिकर नसलेली ट्यूब आणावी म्हणून खडेबाजारात फिरले. एका दुकानदाराने वॅट दाखवले, वॉरंटी दाखवली; फ्लिकरचं विचारल्यावर ‘उडत नाही हो ताई’ एवढंच. माझं ऐका, ट्यूब दुकानातच लावायला सांगा आणि मोबाईलच्या स्लो-मोशनमध्ये बघा. लपलपली की परत द्या.

थांबा, हे लिहितानाच एक सुचलं. स्कूटरची जुनी १२ व्होल्टची बॅटरी पडून आहे. तिच्यावर १२ व्होल्टची एलईडी पट्टी लावली तर? बॅटरीचा करंट डीसी, एकाच दिशेने सलग वाहणारा, म्हणजे १०० हर्ट्झची भानगडच नाही. मध्ये डिमर मात्र घालायचा नाही. बहुतेक डिमर उजेड भराभर चालू-बंद करूनच मंद करतात, म्हणजे पुन्हा पट्टे. उजेड कमी हवा तर पट्टीच खुणेवर कापून आखूड करायची आणि पुढे बटर पेपर लावायचा. मग सायलेंट शटर, हवा तो वेग, आणि करंट गेला तरी फोटो चालू. ट्यूब रद्द! बॅटरीजवळ फ्यूज घालेन, आणि वायरीला आधी केसिंग. बुक्कीने मोबाईलचा चार्जर कुरतडलेला आहे. पट्टी वॉर्म घ्यावी की कूल? काळ्या मांजरावर कुणी वापरली असेल तर सांगा, रविवारी बाजारात जायच्या आत.