आमची वाटचाल: सातपूरहून खाडीपलीकडे

आमचा धंदा थंडीचा. सातपूर एमआयडीसीत छोटं शेड आहे. तिथे पफ पॅनेलच्या, म्हणजे दोन पत्र्यांमध्ये उष्णता अडवणारा फोम भरलेल्या फळ्यांच्या, खोल्या बनतात आणि त्यांना लागणारी कूलिंग युनिट्स जोडली जातात. सुरुवात अर्थातच द्राक्षापासून झाली. निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बसवंत या पट्ट्यात पॅकहाउस उभारणाऱ्याला प्रीकूलिंगची खोली लागतेच. सकाळी तोडलेल्या घडातली उष्णता काही तासांत काढली नाही तर देठ सुकतो, आणि परदेशातला खरेदीदार आधी देठ बघतो, मग मणी. हे काम आम्हाला जमलं होतं. पण हंगाम जानेवारी ते एप्रिल. चौकशा दसऱ्याला, घाई डिसेंबरात, पैसे मे महिन्यात, तेही आले तर. उरलेले महिने पोरांना पगार द्यायचा आणि शेड झाडून घ्यायचं.

2010 साली युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या रसायनाचे अंश सापडले आणि माल नाकारला गेला. बागायतदाराचे पैसे अडकले म्हणजे त्याच्या मागे रांगेत उभे असलेल्या आमच्यासारख्यांचेही अडकले. एका पिकावर कारखाना चालवायचा नाही, हे त्या उन्हाळ्यात घरात आणि शेडमध्ये एकाच सुरात ठरलं. दूध, फुलं, औषधं, सगळीकडे विचारून झालं. समुद्र मात्र डोक्यात नव्हता.

खरं तर नाशिकला समुद्र नसला तरी सुकटीचा वास आहे. मृगाच्या आधी हरसूल, पेठ, घोटीच्या बाजारात सुकट-बोंबलाचे ढीग लागतात आणि अख्खा पश्चिम पट्टा पावसाळ्याची बेगमी करतो. हा माल येतो कुठून, याचा विचार आम्ही कधी केला नव्हता. आमच्याकडे जव्हारचा एक वेल्डर होता, त्याचा भाऊ पालघर किनाऱ्यावर बोटीवर खलाशी. त्या भावाने आपल्या नाखव्याला, म्हणजे बोटीच्या मालकाला, सांगितलं की नाशकात थंड खोल्या बनवणारे लोक आहेत. नाखव्याचा फोन आला: "शेठ, आम्हाला कोल्ड स्टोरेज पाहिजे. बघायला या."

सातपूरहून त्र्यंबक, तोरंगण घाट, मोखाडा, जव्हार, विक्रमगड, मनोर आणि मग पालघरकडे. जिल्हा म्हणून पालघर वेगळा झाला तो 2014 च्या ऑगस्टमध्ये. नाखव्याचं गाव त्याआधी ठाण्याच्या नकाशाच्या अगदी काठावर होतं आणि नंतरही काठावरच राहिलं. नाव लिहीत नाही, कारण पुढे त्यांच्या कागदपत्रांबद्दल लिहायचं आहे. वस्ती मांगेला आणि वैती समाजाची, एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी. एसटी खाडीच्या अलीकडे थांबते. पलीकडे जायला तर, म्हणजे माणसं आणि माल नेणारी होडी, आहे. ओहोटी असेल तर गुडघाभर चिखल. गाडीरस्ताही आहे, पण तो मोठा वळसा घालून मिठागरांमधून जातो आणि पावसाळ्यात त्याच्यावर कुणी विसंबत नाही.

गावात काय आहे हे विचारलं तर यादी तशी भरते. जिल्हा परिषदेची शाळा आहे, अंगणवाडी आहे, रेशन दुकान आहे, मच्छीमार सोसायटीचा डिझेल पंप आहे, आरोग्य उपकेंद्राची खोली आहे. सिस्टर येतात, पण बाळंतपण अडलं की तर आणि भरती बघावी लागते. वीज आहे, सिंगल फेज. सोसाट्याचा वारा सुटला की जाते आणि लाइनमनही त्याच तरीतून यायचा असतो. विहिरी आहेत, होळीनंतर पाणी मचूळ होतं. मोबाइलला रेंज देवळाच्या ओट्यावर. घरं मात्र नीटनेटकी, आणि पाहुण्याला जेवल्याशिवाय सोडायचं नाही हा कायदा कडक. मी माळकरी घरातला, तेव्हा पहिल्या जेवणात माझ्यापुढे भाकरी आणि कांदा आला. नाखव्याच्या आईला माझी फार कीव आली.

नव्हता तो बर्फ. म्हणजे मिळत होता, पण गाडीच्या वेळेला. बर्फाची गाडी सकाळी खाडीच्या अलीकडे यायची, लाद्या तरीतून पलीकडे नेईपर्यंत त्यातला बराच वितळलेला. आणि बोटी येतात भरतीच्या वेळेला. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. आज पहाटे बोट लागली तर आठवड्याभराने ती दुपारी लागणार. डोल जाळी, म्हणजे पाण्यात एका जागी बांधलेली पिशवीसारखी जाळी, तर प्रवाहावरच चालतात. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात ओढ जास्त, मासळी जास्त, मधल्या भांगाच्या दिवसांत भरती लहान आणि सगळं मंद. म्हणजे भरपूर माल आणि बर्फाची गाडी यांची गाठ पंधरवड्यातून जेमतेम काही दिवस पडायची. इतर वेळी व्यापारी किनाऱ्यावर स्वतःचा बर्फ घेऊन उभा असायचा आणि ज्याचा बर्फ त्याचा भाव. पापलेटला हा अन्याय होता, बोंबलाला तर मरणच. बोंबलात जवळजवळ नव्वद टक्के पाणी. तो उन्हाळ्यात काही तास उघडा राहिला की विकायचा विषय संपला, बांबूवर वाळत घालायचा एवढंच उरतं.

नाखव्याला कोल्ड स्टोरेज हवं होतं. सोसायटीच्या चेअरमनना बर्फाची फॅक्टरी हवी होती. दोन्ही आमच्या कॅटलॉगमध्ये होत्या आणि दोन्हींत आमचा नफा चांगला होता. पण हिशेब मांडला तर जमेना. आपल्या हवेत एक टन लादी बर्फाला साधारण 55 ते 70 युनिट वीज लागते, फ्लेक आइसला, म्हणजे पापुद्र्यांच्या बर्फाला, 70 ते 85. सिंगल फेजवर हे काम नाही. आणि एक टन बर्फ म्हणजे हजार लिटर पाणी, तेही पिण्यालायक, कारण तो बर्फ माशाला लागतो आणि मासा पोटात जातो. मासळीला बर्फ किलोला किलो धरावा लागतो. बचत गटाच्या एक मावशी बैठकीत मागे बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आमच्या हंड्यातलं पाणी तुम्ही पापलेटाला पाजणार का?" बैठक हसली, पण मशीनचा विषय तिथेच मिटला. मिटायलाच हवा होता. किनाऱ्यावर गंजून बंद पडलेली यंत्रं मी तोवर बरीच पाहिली होती. बहुतेकांच्या कुलपाची किल्ली कुणाकडे आहे हेही गावाला सांगता येत नव्हतं.

मग आम्ही दिली ती खोली, ज्यात यंत्रच नाही. बाहेरून आठ फूट बाय आठ फूट, उंचीही आठ फूट, शंभर मिलिमीटर जाडीचं पफ, जाड दरवाजा, आत पडदा, खाली पाणी निघून जायला उतार आणि जाळीचा फलाट. बर्फ बाहेरूनच आणायचा, पण गाडी भरून, एकदम चार-पाच टन, जेव्हा तर आणि भरती सोयीची असेल तेव्हा. मग बोट कधीही लागो. बाहेर बत्तीस अंश तापमान असेल तर भिंतींमधून शिरणारी उष्णता दिवसाला साधारण सत्तर किलो बर्फ खाते. दरवाजा उघडझाप धरून शंभर-सव्वाशे. पाच टनांत एवढी घट गावाने आनंदाने मान्य केली, कारण आधी याहून जास्त बर्फ तरीतच जात होता. कूलिंगवाल्याने कूलिंग युनिटशिवाय खोली विकायची, यावर आमच्या सीएंनी भुवई उंचावली. मी त्यांना सांगितलं की या खोलीची सर्व्हिस कॉल कधी येणार नाही.

जागा आणि पैसा ही खरी लढाई. गावातली मासळी वाळवायची जागा पिढ्यान्‌पिढ्या वापरात, पण सातबारा कुणाच्याच नावावर नाही. कोळीवाड्यांचं सीमांकन न झालेली अशी गावं किनाऱ्यावर खूप आहेत. उतारा नाही म्हणून कर्ज नाही, आणि भरतीरेषेजवळ म्हणून सीआरझेडचा, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामावर बंधनं घालणाऱ्या नियमांचा, प्रश्न वेगळा. तोड मावशींनीच काढली: सोसायटीच्या जाळी ठेवायच्या जुन्या पक्क्या गोदामात खोली उभी करायची. पॅनेलची खोली कॅम लॉकने, म्हणजे पॅनेलमधल्या फिरवून बसणाऱ्या कड्यांनी, जुळते, भिंत फोडावी लागत नाही, उद्या उचलून दुसरीकडे नेता येते. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना 2020 ला आली. त्यात सर्वसाधारण लाभार्थ्याला 40 टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमातींना 60 टक्के मदत. म्हणून पुढच्या गावांतली प्रकरणं बचत गटांच्या नावाने गेली. मदत नंतर येते, खर्च आधी करावा लागतो. मधला काळ आम्ही उधारीवर काढतो. एक फाइल एका कार्यालयात इतकी मुरली की तिथल्या शिपायाशी माझी घरच्यासारखी ओळख झाली. पैसे शेवटी आले. व्याज आमचं गेलं.

माल पोहोचवणं हा गमतीचा भाग. एक पॅनेल पस्तीस-चाळीस किलोचं, दोन माणसं उचलतात, पण वारा असेल तर ते शिडासारखं भरतं. आमची पोरं द्राक्षबागेत ट्रक थेट शेडला लावायला सवकलेली. इथे टेम्पो खाडीवर उभा करायचा आणि पाणी चढायची वाट बघायची. कामाचं वेळापत्रक आम्ही भरतीच्या कोष्टकावर लावायला शिकलो. आता सातपूरच्या शेडमध्ये भिंतीवर ते कोष्टक टांगलेलं असतं आणि नवीन आलेला माणूस हमखास विचारतो की गोदावरीला भरती कधीपासून यायला लागली.

खाऱ्या हवेने कारागिरीही बदलायला लावली. नाशिकला चालणारा जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला, पत्रा इथे दोन-तीन पावसाळ्यांत सोडतो. बिजागऱ्या, कड्या, स्क्रू आम्ही 316 ग्रेडच्या स्टेनलेसचे घेतो. 304 पेक्षा महाग, पण त्यातल्या मॉलिब्डेनममुळे मिठाला टिकतात. नंतर ज्या मोठ्या गावांत थ्री फेज आहे तिथे युनिटही बसवली. तांब्याची नळी आणि तिच्यावरचे ॲल्युमिनियमचे पातळ फिन जिथे भेटतात तिथे खारी हवा दोघांची भांडणं लावते, म्हणून फिनला कोटिंग असल्याशिवाय युनिट घाटाखाली पाठवत नाही.

खोलीमुळे गाव बदललं असं मी म्हणणार नाही. रस्ता तोच, उपकेंद्र तेच. बदललं ते बायकांचं वेळापत्रक. मासळी विकायला त्याच जातात. आता रात्री आलेला माल बर्फात ठेवून सकाळी इन्सुलेटेड पेटीत भरून पहिल्या तरीने निघतात, आणि भाव पटला नाही तर पापलेट परत आणता येतं. व्यापारी अजूनही येतो, पण आता त्याला थांबावं लागतं. पेट्यांची मागणी यातूनच निघाली आणि आज आमच्या उलाढालीत त्यांचा वाटा खोल्यांच्या बरोबरीला आला आहे. बोंबील वाळवायचं यंत्र मात्र कुणी घेतलं नाही. थंडीच्या दिवसांत बांबूवर वारा फुकट काम करतो, तिथे आमचं सोलर ड्रायर कशाला? जवळा वाळूवर पसरतात, त्याच्यासाठी जाळीचे उंच फलाट तेवढे खपले.

धंद्याच्या दृष्टीने गंमत अशी की दोन्ही हंगाम एकमेकांत बसतात. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या. तेव्हा आमची माणसं दरवाज्यांची रबरं आणि गटारं तपासून येतात. ऑगस्टपासून किनाऱ्याचं काम जोरात, जेव्हा द्राक्षवाला गोड्या छाटणीच्या आधी खिशात हात घालत नाही. जानेवारीला पुन्हा पिंपळगाव. शेड झाडायला आता वेगळा वेळ काढावा लागतो.

2025 च्या एप्रिलमध्ये राज्य मंत्रिमंडळाने मासेमारीला शेतीचा दर्जा दिला. तेव्हापासून चेअरमनांचा फोन दर महिन्याला असतो: वीज शेतीच्या दराने मिळणार, आता तरी बर्फाचं मशीन द्या. मी त्यांना दोनच प्रश्न विचारतो, थ्री फेजचे खांब गावात आले का, आणि मे महिन्यात विहिरीचं पाणी गोड राहिलं का. खांबांचं मोजमाप होऊन गेलंय म्हणतात. गावातली दोन पोरं आमच्याकडे युनिटचं काम शिकतायत, तोवर त्यांचं शिक्षण तरी पुरं होईल. कोटेशन तयार आहे, तारीख टाकलेली नाही.