तुम्ही विचारलंत म्हणून: खेळाडू गेला, मग मालकांवर राग का?

"अगं, जास्त पैसे मिळाले म्हणून तो दुसरीकडे गेला. मग तुम्ही मालकांना का शिव्या घालता?" हा प्रश्न मला पुण्याहून फोनवर विचारला जातो, आणि इथे मॅसॅच्युसेट्समध्ये गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाचा द्रोण हातात धरूनही. क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला तो पडणारच. रेड सॉक्सच्या, म्हणजे बॉस्टनच्या बेसबॉल संघाच्या, कुठल्याही चाहत्यासमोर फ्रंट ऑफिस (संघ चालवणारं व्यवस्थापन) हा शब्द काढला की त्याचा चेहरा का बदलतो, हे समजायला थोडा हिशेब लागतो. तो इथे मांडते.

आयपीएलमध्ये खेळाडू लिलावात जातो. कोणी घेतलं तर जायचं, नाही तर घरी. 2024 च्या नोव्हेंबरात जेद्दाहला लखनौने ऋषभ पंतला 27 कोटींना घेतलं, पण लखनौला जायचं की नाही हे कोणी पंतला विचारलं नाही. शिवाय प्रत्येक संघाला 120 कोटींची पर्स होती. पर्स संपली की संपली. तिथे "आम्हाला परवडलं नाही" हे खरंखुरं कारण असतं.

बेसबॉलमध्ये अशी पर्स नाही. संघाने किती पगार द्यावा याला कमाल मर्यादा नाही. ठरावीक आकडा ओलांडला की वरच्या रकमेवर कर भरायचा, एवढंच. 2020 साली हा आकडा 20.8 कोटी डॉलर होता. लागोपाठ दोन-तीन वर्षं ओलांडलात तर कराचा दर वाढतो, एक वर्ष खाली आलात की पुन्हा पहिल्यापासून. याला लक्झरी टॅक्स म्हणतात. त्यामुळे रेड सॉक्ससारखा संघ "परवडत नाही" म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ "द्यायचं नाही" असाच असतो. हे मालक 2002 मध्ये आले तेव्हा संघाची किंमत 70 कोटी डॉलरच्या आसपास होती, आज फोर्ब्स ती 4 अब्जांच्या वर धरतं. याच मंडळींकडे लिव्हरपूल हा फुटबॉल संघ आहे, सामने दाखवणाऱ्या वाहिनीचा मोठा हिस्सा आहे, आणि 2021 मध्ये त्यांनी पिट्सबर्गचा आइस हॉकीचा संघही घेतला. मुख्य मालक जॉन हेन्री यांच्याकडे तर बॉस्टन ग्लोब हे वर्तमानपत्रही आहे. म्हणजे संघावरची टीका सकाळी ज्या पेपरात वाचायची तोही त्यांचाच. (टीका छापतात मात्र भरपूर, हे मान्य करायला हवं.)

आता खेळाडूची बाजू. मेजर लीगमध्ये, म्हणजे बेसबॉलच्या सर्वात वरच्या स्पर्धेत, सहा वर्षं भरेपर्यंत तो संघाच्या ताब्यात असतो. पहिली सुमारे तीन वर्षं तो किमान पगाराच्या आसपास खेळतो, 2025 मध्ये ही रक्कम 7,60,000 डॉलर होती. पुढची तीन वर्षं पगार लवादाच्या धाकाने वाढतो (एकमत झालं नाही तर आकडा लवाद ठरवतो), पण संघ बदलता येत नाही. सहा वर्षांनंतर तो फ्री एजंट होतो आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतः ठरवतो की कुठे खेळायचं. हा हक्क कुणी ताटात वाढून दिला नव्हता. कर्ट फ्लड या खेळाडूने 1969 मध्ये परस्पर फिलाडेल्फियाला पाठवलं जायला नकार दिला, कोर्टात गेला, 1972 मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरला आणि कारकीर्द घालवून बसला. 1975 मध्ये लवादाने दुसऱ्या दोन खेळाडूंच्या बाजूने निकाल दिला तेव्हा दार उघडलं. म्हणून जाणाऱ्या खेळाडूला मी "पैशामागे गेला" म्हणत नाही. सहा वर्षं तो बाजारभावापेक्षा कितीतरी कमी पैशात खेळलेला असतो, आणि आपला त्याच्यावर जीव जडतो तोही त्याच सहा वर्षांत.

माझ्या मते या सगळ्या दुखण्याचं मूळ रेड सॉक्सच्या जॉन लेस्टरपाशी आहे. तरुण वयात, 2006 मध्ये, या पिचरला (आपल्याकडचा बोलर) कॅन्सर झाला. त्यातून उठून 2007 च्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे विजेतेपदाच्या मालिकेचा, शेवटचा सामना त्याने जिंकून दिला, 2013 च्या वर्ल्ड सिरीजमध्ये दोन सामने जिंकून दिले. करार संपत आला होता, आणि इथेच राहायचंय, त्यासाठी थोडे कमी पैसेही चालतील, असं तो उघडपणे बोलला होता. 2014 च्या वसंतात संघाने त्याला 4 वर्षांचे 7 कोटी डॉलर (पुढचे आकडेही डॉलरमध्येच) देऊ केल्याच्या बातम्या आल्या. त्या दर्जाच्या पिचरला हा आकडा म्हणजे दारात उभं करून पाण्याचंही न विचारणं. जुलै संपता संपता त्याला ओकलंडला पाठवून दिलं, आणि डिसेंबरात त्याने शिकागो कब्सशी 6 वर्षांचा 15.5 कोटींचा करार केला. 2016 मध्ये कब्स वर्ल्ड सिरीज जिंकले, 1908 नंतर पहिल्यांदा.

पुढचा भाग मी प्रत्येकाला सांगते, कारण तो सांगितल्याशिवाय आमचा राग कळत नाही. लेस्टर गेला, पण पहिल्या दर्जाचा डावखुरा पिचर तर हवाच होता. मग 2015 च्या डिसेंबरात याच संघाने डेव्हिड प्राइसला 7 वर्षांचे 21.7 कोटी दिले. जो घरात होता त्याला द्यायला हात आखडला, आणि वर्षभराने बाहेरच्याला त्याहून कितीतरी जास्त मोजले. प्राइसवर अन्याय नको, 2018 ची वर्ल्ड सिरीज त्याच्याशिवाय जिंकली गेली नसती. पण तो करार इतका जड झाला की 2020 मध्ये पगाराचा आकडा लक्झरी टॅक्सच्या खाली आणायचं ठरलं तेव्हा प्राइसला कोणाच्या तरी गळ्यात घालणं भाग होतं. नुसता प्राइस कोण घेणार? त्याच्या उरलेल्या पगाराचा अर्धा भाग आपण भरायचं कबूल केलं, आणि वर मूकी बेट्स दिला.

मूकी बेट्स! 2011 मध्ये ड्राफ्टच्या, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या, पाचव्या फेरीत निवडलेला, याच संघात घडलेला, 2018 मध्ये अमेरिकन लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला आणि त्याच वर्षी विजेतेपद आणणारा. त्याला फ्री एजंट व्हायला एक वर्ष होतं. संघाने 10 वर्षांसाठी 30 कोटी देऊ केले, त्याने 12 वर्षांसाठी 42 कोटी मागितले, असं छापून आलं होतं. अंतर मोठं होतं, हे खरं. पण लॉस एंजेलिसला गेल्यावर त्याच जुलैमध्ये त्याने 12 वर्षांच्या 36.5 कोटींवर सही केली. म्हणजे मधला आकडा निघत होता. बदल्यात आलेल्या तिघांपैकी अ‍ॅलेक्स व्हर्डुगोला पुढे चक्क आमच्या कट्टर वैऱ्यांकडे, यँकीजकडे दिलं, जीटर डाउन्सला मोजके सामने खेळवून सोडून दिलं, आणि कॉनर वाँग हा कॅचर उरला. लॉस एंजेलिसच्या डॉजर्सबरोबर बेट्स 2020, 2024 आणि 2025 मध्ये विजेता झाला.

आमच्याच संघातून गेलेल्या झॅन्डर बोगार्ट्सच्या बाबतीत मी इतर चाहत्यांइतकी चिडत नाही. 2022 च्या डिसेंबरात सॅन डिएगोने तिशीतल्या माणसाला 11 वर्षांचे 28 कोटी दिले, ते जास्तच होते. माझा आक्षेप त्या वर्षीच्या वसंतातल्या प्रस्तावाला आहे. त्याने आधीच्या करारात संघाला सवलत दिली होती, आणि बातम्यांनुसार आता जुन्या करारावर जेमतेम एक वर्ष वाढवून देऊ केलं गेलं. लेस्टरचीच गोष्ट पुन्हा. वर गंमत पाहा. त्या मोसमात संघ आपल्या विभागात शेवटचा आला आणि तरीही थोडक्यासाठी लक्झरी टॅक्सची रेषा ओलांडून बसला. कर भरणाऱ्या संघाचा फ्री एजंट गेला तर भरपाई म्हणून मिळणारी ड्राफ्टमधली निवड दुसऱ्या फेरीनंतर मिळत नाही, चौथ्या फेरीनंतर मिळते. म्हणजे खर्च केला, हरलो, खेळाडू गेला, आणि त्याच्या बदल्यात मिळायचं तेही कमी मिळालं. कंजूषपणा मी एक वेळ समजू शकते, पण यात कंजूषपणाची हुशारीसुद्धा नाही!

महिन्याभरात, 2023 च्या जानेवारीत, स्प्रिंगफील्डला चाहत्यांचा मेळावा झाला. जॉन हेन्री व्यासपीठावर आले आणि सभागृहाने त्यांची हुर्यो उडवली. आता वानखेडे आठवा. मुंबई इंडियन्सने रोहित शर्माचं कप्तानपद काढून हार्दिक पांड्याला दिलं, तेव्हा 2024 च्या मोसमात आपल्याच मैदानावर हुर्यो कोणाची झाली? हार्दिकची. निर्णय व्यवस्थापनाचा, बोलणी खाल्ली खेळाडूने. मला विचारलेल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे. इथल्या चाहत्याला कराराची कलमं पाठ असतात, त्यामुळे राग कुठे काढायचा हे त्याला माहीत असतं.

"पण डेव्हर्सला तर दिले ना पैसे?" हो, दिले. त्याच जानेवारीत थर्ड बेसवर खेळणाऱ्या राफाएल डेव्हर्सला 31 कोटींहून जास्त रकमेचा, 2033 पर्यंतचा करार दिला. आम्हाला वाटलं, चला, एक तरी राहिला. दोन वर्षांनी त्याच्या या क्षेत्ररक्षणाच्या जागेवर अ‍ॅलेक्स ब्रेगमनला आणलं आणि डेव्हर्सला नुसती बॅटिंग कर म्हणून सांगितलं. मग फर्स्ट बेसचा खेळाडू जखमी झाल्यावर तिथे उभा राहा म्हणाले. तो नाही म्हणाला, आणि तेही पत्रकारांसमोर. यात त्याचंही चुकलंच. 15 जून 2025 ला यँकीजना तिन्ही सामन्यांत हरवलं आणि त्याच संध्याकाळी डेव्हर्स सॅन फ्रान्सिस्कोला गेल्याची बातमी आली. दहा वर्षं लीगमध्ये आणि त्यातली शेवटची पाच एकाच संघात काढलेल्या खेळाडूला ट्रेड, म्हणजे परस्पर दुसऱ्या संघाला दिलं जाणं, नाकारता येतो. डेव्हर्सची दहा भरली नव्हती. ज्याच्यासाठी त्याची जागा काढून घेतली तो ब्रेगमन त्या मोसमानंतर पुन्हा फ्री एजंट झाला आणि 5 वर्षांच्या 17.5 कोटींवर कब्सकडे गेला. पुन्हा कब्सच.

अध्यक्ष टॉम वर्नर यांनी 2023 च्या नोव्हेंबरात "फुल थ्रॉटल" (पूर्ण जोमात) जाणार असल्याचं जाहीर केलं होतं. त्या हिवाळ्यात आलेला मोठा पिचर हातावर शस्त्रक्रिया होऊन आख्खा मोसम बाहेर बसला, आणि अटलांटाला देऊन टाकलेल्या क्रिस सेलने तिकडे सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळवला. ते दोन शब्द आमच्याकडे आता फक्त चेष्टेत वापरतात.

सध्याच्या ऑफिसची रीत वेगळी आहे, आणि ती मला पटतेही. पोरगा फ्री एजंट व्हायच्या खूप आधीच बांधून ठेवायचा. रोमन अँथनीला 2025 च्या ऑगस्टमध्ये, पदार्पणानंतर दोनेक महिन्यांत, 8 वर्षांचे 13 कोटी दिले. त्याला विशीतच आयुष्याची निश्चिंती, संघाला स्वस्त सौदा. लेस्टरच्या वेळी ही अक्कल असती तर प्राइस लागला नसता. पण डेव्हर्सनंतर मला करार म्हणजे मुक्काम वाटत नाही. तो पगार कोण देणार एवढंच त्यातून कळतं, आणि तेही पुढच्या ट्रेडपर्यंत.

शेवटी एक छोटा प्रश्न राहतो, तो बहुतेक नव्याने आलेले आईबाप विचारतात: मुलांसाठी कोणाच्या नावाचा शर्ट घेऊ? घरच्या सामन्यांचा पांढरा घ्या. रेड सॉक्सच्या त्या शर्टावर पाठीवर नाव नसतंच, फक्त क्रमांक असतो.