तुम्ही विचारलंत म्हणून: पोरं बोलत का नाहीत?

"सर, इंग्रजीच्या तासाला पोरं तोंडच उघडत नाहीत, काय करावं?" शिक्षण परिषदेत नवे शिक्षक मला हमखास हे विचारतात. मी बीडच्या डोंगरपट्ट्यात शिकवतो, तिथलं सांगतो.

राज्यात २००० पासून पहिलीलाच इंग्रजी आहे. पाचवीपर्यंत पोरांच्या कानावर ती बरीच पडलेली असते. गप्प पोराला काहीच येत नाही, असं धरून चालू नका.

प्रश्न विचारला की थांबा. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेनं १९७०च्या दशकात विज्ञानाच्या तासांवर दाखवून दिलं, की शिक्षक उत्तरासाठी जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबलं की उत्तरं मोठी येतात, एरवी गप्प असणारी मुलंही बोलतात. आमच्या बंजारा तांड्यावरचं पोर घरी गोरमाटी ही बंजारा बोली बोलतं, शाळेत मराठी. त्याला तीन सेकंदही कमीच. मी मनात दहापर्यंत मोजतो. मग आधी शेजारच्याला सांगायला लावतो, वर्गाला नंतर.

खरी कसोटी ऊसतोड मजुरांच्या लेकरांची. दसरा-दिवाळीला आईबापासोबत कारखान्यावर गेलेलं पोर पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळप हंगाम संपल्यावर, परत येतं, तोवर धडे पार पुढं गेलेले असतात. त्याला उतारा वाचायला उभं केलं की ते अडखळतं, वर्ग हसतो, आणि पुढं महिनोन् महिने ते हात वर करत नाही. हसण्याच्या बाबतीत मी फार कडक आहे, तुम्हीही राहा. त्या पोराला मी ऊसतोडीच्या फडावरचं विचारतो. मोळी कोण बांधतं? एका मोळीत ऊस किती? गाडी कधी भरता? हू, हाऊ मेनी, व्हेन, सगळं यातच येतं. उत्तर नुसतं 'मदर' आलं तरी चालतं. 'येस, युवर मदर टाइज द मोळी,' एवढं पूर्ण वाक्य मी म्हणतो आणि पुढं जातो; चूक दाखवत बसत नाही. मग बाकीची पोरं त्याला विचारायला लागतात, कारण फडाची माहिती वर्गात त्यालाच. मला हा तास सगळ्यात आवडतो.

तरीही एखादं बोलत नाही. त्याला इंग्रजीतून सांगा: दार लाव, फळा पूस, वह्या वाट. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स अ‍ॅशर यांनी १९६०च्या दशकात मांडलेली कृतीतून भाषा शिकवायची पद्धत यावरच उभी आहे. पोरानं बरोबर केलं, म्हणजे त्याला कळतंय. आकारिक मूल्यमापनाच्या, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनाच्या, नोंदीत 'बोलत नाही' असं लिहू नका. 'सूचना ऐकून कृती करतो' लिहा. पुढच्या वर्षीच्या शिक्षकाला तिथून सुरुवात करता येते.